पदवीनंतरची राष्ट्रसेवा : वयाचे गणित आणि उच्च शिक्षणाचे नियोजन

इस्रायल, दक्षिण कोरिया, सिंगापूर यांसारख्या देशांत तरुणांना आयुष्यातील काही काळ सक्तीच्या लष्करी सेवेसाठी द्यावा लागतो. तेथील शिक्षणव्यवस्थेची आखणीही हा काळ गृहीत धरूनच झालेली आहे. भारतात अशी सक्ती नाही. सार्वजनिक प्रयोजनासाठी सेवा सक्तीची करण्याची मुभा राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने शासनाला दिली असली, तरी आपली सैन्यदले सर्वस्वी स्वेच्छेने दाखल होणाऱ्यांवर उभी आहेत. त्यामुळे आपल्याकडे सेवेत जाण्याचा निर्णय जसा विद्यार्थ्याचा स्वतःचा असतो, तसेच त्याभोवती शिक्षण आणि करिअर यांची जुळणी करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. या जुळणीत सर्वाधिक चुका होतात त्या वयाच्या हिशेबात.

नाशिककरांना हा विषय परका नाही. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली येथे भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. देवळालीचे तोफखाना विद्यालय, नाशिक रोडचे आर्टिलरी सेंटर, गांधीनगर येथील लष्करी हवाई प्रशिक्षण संस्था आणि ओझरचा विमान कारखाना यांमुळे गणवेशाचे दर्शन शहराला नित्याचे आहे. तरीही पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थी अधिकारी होण्याचा विचार बहुधा उशिरा करतो. आधी एम.एस्सी. किंवा एम.बी.ए. पूर्ण करावे, मग पाहू, असा सल्ला घरातूनही मिळतो. हा सल्ला काही शाखांसाठी योग्य, तर काहींसाठी दारे कायमची बंद करणारा ठरतो.

प्रवेशाचे मार्ग आणि वयोमर्यादा

पदवीधरांसाठीचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस अर्थात सीडीएस परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीसाठी १९ ते २४, तर ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी (ओटीए) १९ ते २५ ही वयोमर्यादा आहे. नौदल अकादमीसाठी अभियांत्रिकीची पदवी लागते. हवाई दल अकादमीसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतलेले पदवीधर किंवा अभियंते पात्र ठरतात. ओटीएच्या उमेदवारांना इंग्रजी व सामान्यज्ञान या दोनच विषयांची परीक्षा द्यावी लागते, इतरांना त्यात प्राथमिक गणिताची भर पडते. ओटीएचा मार्ग मुलींसाठीही खुला आहे.

एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवलेल्या आणि पदवीला ५० टक्के गुण असलेल्या उमेदवारांना लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीचा मार्ग उपलब्ध आहे. येथेही वयोमर्यादा १९ ते २५ अशीच आहे. अभियांत्रिकी पदवीधरांसाठी तांत्रिक शाखेतील अल्पसेवा प्रवेश २० ते २७ वयोगटाला खुला असतो. विधी पदवीधर ५५ टक्के गुणांसह २१ ते २७ या वयात जज अॅडव्होकेट जनरल शाखेचा विचार करू शकतात. पदव्युत्तर पदवी आवश्यक असणारी प्रमुख शाखा म्हणजे आर्मी एज्युकेशन कोअर. तिची वयोमर्यादा २३ ते २७ आहे. हवाई दलाची एएफकॅट परीक्षा २०११ पासून घेतली जाते. तिच्याद्वारे उड्डाण शाखेसाठी २० ते २४, तर ग्राउंड ड्युटी शाखांसाठी २० ते २६ या वयात प्रवेश मिळतो.

या यादीतून एक गोष्ट स्पष्ट होते. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या सर्वसाधारण पदवीधराने आधी दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरवले, तर त्याच्या निम्म्याहून अधिक संधी संपतात. अभियंता आणि वकील यांच्या हाती मात्र थोडा अधिक अवकाश असतो.

संधी किती, हे मोजून पाहा

सीडीएसमध्ये वय मोजले जाते ते परीक्षेच्या दिवशीचे नव्हे, तर प्रशिक्षण सुरू होण्याच्या वेळचे. परीक्षा आणि प्रत्यक्ष दाखल होणे यांत साधारण नऊ महिने ते एक वर्ष जाते. म्हणजेच ओटीएसाठी पंचविसाव्या वर्षापर्यंत मुदत असली, तरी शेवटची परीक्षा चोविसाव्या वर्षीच द्यावी लागते. पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो. जो विद्यार्थी विसाव्या-एकविसाव्या वर्षी अंतिम वर्षात असतानाच पहिला अर्ज भरतो, त्याच्या वाट्याला सात-आठ संधी येऊ शकतात. एम.ए. करून तेविसाव्या वर्षी तयारीला लागणाऱ्याला दोन-तीनच उरतात. लेखी परीक्षेनंतरची सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची (एसएसबी) पाच दिवसांची निवडप्रक्रिया पहिल्याच खेपेस पार पडेल याची शाश्वती नसते, हे लक्षात घेता हा फरक फार मोठा आहे.

दहा वर्षांनंतर काय?

ओटीएतून मिळणारे शॉर्ट सर्व्हिस कमिशन १० वर्षांचे असते. त्याच्या अखेरीस अधिकाऱ्याला स्थायी कमिशनसाठी इच्छा दर्शवता येते, बाहेर पडता येते, किंवा आणखी ४ वर्षांची मुदतवाढ घेता येते. मुदतवाढीच्या काळात राजीनामा देण्याचीही सोय आहे. लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या स्थायी कमिशनचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने प्रशस्त झाला.

पालकांनी नेमकी समजून घ्यावी अशी बाब पुढेच आहे. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी साधारणतः २० वर्षांची सेवा लागते. त्यामुळे १० किंवा १४ वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला उपदान मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन मिळते. निवास, भोजन व वैद्यकीय सुविधांमुळे या वयात बचतीला भरपूर वाव असतो. दुसऱ्या करिअरची शिदोरी याच बचतीतून उभी करायची आहे, हे पहिल्या पगारापासून ध्यानात ठेवावे.

नागरी सेवेचे स्वप्न असेल तर

सैन्यातून बाहेर पडून केंद्रीय नागरी सेवा परीक्षा देण्याचा विचार अनेकांच्या मनात असतो. या परीक्षेची खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा ३२ वर्षे आहे. किमान ५ वर्षे सेवा करून मुदत संपल्यावर मुक्त झालेल्या अल्पसेवा अधिकाऱ्यांना तीत ५ वर्षांपर्यंत सवलत मिळते. मागास प्रवर्गातील उमेदवारांना त्यांच्या प्रवर्गाची सवलत यात मिळवता येते. मात्र वयाची सवलत म्हणजे प्रयत्नांची सवलत नव्हे. खुल्या गटाची सहा प्रयत्नांची मर्यादा कायम राहते आणि सैन्यात जाण्यापूर्वी दिलेले प्रयत्नही त्यात धरले जातात.

दोन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन बाविसाव्या वर्षी ओटीएत दाखल झालेला तरुण तेविसाव्या वर्षी अधिकारी होतो आणि तेहतिसाव्या वर्षी बाहेर पडतो. सदतिसाव्या वर्षाची मर्यादा गाठेपर्यंत त्याला नागरी सेवेचे तीन-चार प्रयत्न करता येतात. दुसरा तरुण पदव्युत्तर शिक्षण आणि नागरी सेवेच्या तयारीत वेळ घालवून पंचविसाव्या वर्षी ओटीएत पोहोचतो. तो सव्विसाव्या वर्षी अधिकारी आणि छत्तिसाव्या वर्षी मुक्त होतो. त्याच्या हाती जेमतेम एक प्रयत्न उरतो. चार वर्षांची पूर्ण मुदतवाढ घेतली, तर खुल्या गटातील पहिल्या तरुणासाठीही हे दार बंद होते. म्हणून मुदतवाढीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडलेला असावा.

सेवेत असताना शिक्षण

सैन्यात गेल्यावर शिक्षण थांबते हा समज चुकीचा आहे. चेन्नईच्या ओटीएतील ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यांना मद्रास विद्यापीठाची संरक्षण व्यवस्थापन व सामरिक अभ्यास या विषयातील पदव्युत्तर पदविका मिळते. पुढे बदल्यांच्या धावपळीत नियमित महाविद्यालय शक्य नसले, तरी मुक्त विद्यापीठांचा पर्याय असतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून, तर नाशिकचेच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कार्यरत आहे. पहिली दोन-तीन वर्षे युनिटमधील कामात व अनिवार्य लष्करी अभ्यासक्रमांत जातात. त्यामुळे दूरशिक्षणाचा एम.ए. अथवा एम.बी.ए. सेवेच्या चौथ्या ते आठव्या वर्षाच्या दरम्यान आखणे व्यवहार्य ठरते.

सेवेच्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत नामवंत व्यवस्थापन संस्थांत सुमारे सहा महिन्यांचे अभ्यासक्रम चालवले जातात आणि त्यांच्या शुल्काचा मोठा वाटा शासन उचलते. स्वखर्चाने शिकायचे असल्यास अनुभवी व्यक्तींसाठीचे एक वर्षाचे व्यवस्थापन अभ्यासक्रम आहेत. तेथे नेतृत्वाचा अनुभव जमेची बाजू ठरतो. ‘गेट’चे गुण तीन वर्षे, तर ‘कॅट’चे एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. तेव्हा सैन्यात जाण्यापूर्वी या परीक्षा केवळ हाताशी असाव्यात म्हणून देऊन ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

वैद्यकीय विद्यार्थ्यांचे वेगळे गणित

आपल्याकडे पदवीनंतर सक्तीच्या सेवेला सर्वांत जवळची गोष्ट वैद्यकीय शिक्षणात आढळते. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस होणाऱ्यांवर एक वर्षाच्या सामाजिक उत्तरदायित्व सेवेचे बंधन असते आणि ते न पाळल्यास बंधपत्रातील मोठी रक्कम भरावी लागते. पदव्युत्तर प्रवेशाचे वर्ष ठरवताना ही सेवा आधी की नंतर, याचा निर्णय त्या वर्षीचे नियम पाहूनच घ्यावा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तर प्रवेशाच्या वेळीच लष्करी सेवेची हमी द्यावी लागते. अन्य महाविद्यालयांतील डॉक्टरांना लष्कराच्या वैद्यकीय सेवेत प्रारंभी ५ वर्षांचे अल्पसेवा कमिशन घेता येते.

नोकरी सांभाळून सेवा

वयाची पंचविशी ओलांडली म्हणून सर्व मार्ग संपले असे नाही. प्रादेशिक सेना, म्हणजेच टेरिटोरियल आर्मी, ही नोकरी-व्यवसाय असलेल्या पदवीधरांसाठी आहे. १८ ते ४२ या वयात अधिकारीपदासाठी अर्ज करता येतो आणि शांततेच्या काळात वर्षातील साधारण दोन महिने प्रशिक्षणाला द्यावे लागतात. हा पूर्णवेळ करिअरचा पर्याय नव्हे, हे मात्र समजून घ्यावे.

नाशिकमधील मार्गदर्शन

राज्य शासनाच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोड येथे आहे. तेथे महाराष्ट्रातील पात्र युवक-युवतींना एसएसबीची तयारी निवास व भोजनासह विनामूल्य करून दिली जाते. सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेले, तसेच एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणीत मिळवलेले उमेदवार यासाठी पात्र ठरतात. प्रवेशाची माहिती प्रत्येक जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. खासगी शिकवणीवर मोठा खर्च करण्यापूर्वी या केंद्राची चौकशी अवश्य करावी.

लक्षात ठेवण्याजोगे

* पहिला अर्ज पदवीच्या अंतिम वर्षातच भरावा. एनसीसीत नाव पदवीच्या पहिल्या वर्षी नोंदवावे.
* दृष्टी, वजन व जुन्या दुखापती यांची वैद्यकीय तपासणी आधीच करून घ्यावी. बऱ्या होणाऱ्या दोषांवर वेळीच उपचार करता येतात.
* बहुतेक प्रवेशांसाठी उमेदवार अविवाहित असणे आवश्यक आहे.
* निवड न झाल्यास काय, याचे उत्तर तयार असावे. पदव्युत्तर प्रवेश किंवा नोकरी सुरू ठेवूनच पुढचे प्रयत्न करावेत. तयारीसाठी वर्ष रिकामे ठेवू नये.
* वयोमर्यादा व अटी प्रत्येक जाहिरातीत तारखेनिशी दिलेल्या असतात. अर्ज करताना त्याच प्रमाण मानाव्यात.

तेहतिसाव्या वर्षी दहा वर्षांच्या अनुभवासह पुन्हा नव्याने सुरुवात करणे ज्याला धोक्याचे वाटते, त्याने स्थायी कमिशनचे मार्ग आधी चाचपावेत. ज्याला ती संधी वाटते, त्याने त्या दिवसाची तयारी ओटीएच्या पहिल्या दिवसापासून करावी. दोघांनाही वयाचे हे गणित अंतिम वर्षाच्या परीक्षेपूर्वीच मांडावे लागेल.