उस्मानिया विद्यापीठाची वास्तू : दख्खनचा वारसा आणि त्याची कसोटी

जुन्या नगरीत नवे विद्यापीठ उभारावयाचे म्हटले की दोन प्रश्न उभे राहतात. ते कोठे बांधावे, आणि त्याने कोणाची परंपरा सांगावी? हैदराबादेत या प्रश्नांचा जो विचार झाला, तो या नगरीतील मराठी वाचकास आजही आपलासा वाटेल असा आहे.

१९०८ साली मुसी नदीच्या महापुराने शहराची अपरिमित हानी केली. १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले आणि नदीकाठास नवे रूप येऊ लागले. व्हिन्सेंट एश यांनी उच्च न्यायालय व उस्मानिया रुग्णालय या वास्तू तेथेच, चारमिनारच्या नगरीशी नाते राखून उभ्या केल्या. विद्यापीठाचा मार्ग मात्र वेगळा ठरला. १९१८ साली मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने स्थापन झालेले हे विद्यापीठ आरंभी गनफाउंड्री भागातील घरांतून चालत असे. दाट वस्तीत त्याचा विस्तार होणे शक्य नव्हते. विख्यात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा सल्ला घेण्यात आला आणि शहराच्या पूर्वेस अडिकमेटचा खडकाळ, उंचसखल माळ निश्चित झाला. जुन्या वस्तीवर कुऱ्हाड न चालविता विद्येसाठी प्रशस्त जागा मिळाली, हे या निवडीचे श्रेय होय.

तथापि शहराबाहेर जाणे म्हणजे शहरास विसरणे नव्हे, याची जाण योजकांस होती. सय्यद अली रझा आणि झैन यार जंग या दोन स्थापत्यविशारदांस परदेशांतील विद्यापीठे पाहण्यासाठी पाठविण्यात आले. इजिप्तमध्ये काम केलेले बेल्जियन स्थापत्यकार अर्नेस्ट जॅस्पर यांच्याकडे आराखड्याचे काम आले. कला महाविद्यालयाची कोनशिला ५ जुलै १९३४ रोजी बसविली गेली आणि ४ डिसेंबर १९३९ रोजी वास्तूचे उद्घाटन झाले.

या वास्तूचा दगड गुलाबी छटेचा ग्रॅनाइट. दर्शनी भागातील भव्य टोकदार कमान इस्लामी परंपरेची. स्तंभांची घडण मात्र अजिंठा-वेरूळची आठवण करून देणारी. हा मेळ सहजासहजी साधलेला नव्हता. ही लेणी त्या काळी निजामाच्या राज्यातच होती आणि गुलाम यझदानी यांच्या पुरातत्त्व खात्याने अजिंठ्याच्या जतनाचे मोठे कार्य केले होते. मराठवाड्यातील डोंगरात कोरलेले शिल्प अशा रीतीने राजधानीच्या विद्यामंदिराचे अंग बनले.

परंतु दगडांनी जे औदार्य दाखविले, ते कारभाराने दाखविले काय? शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, याविषयी दुमत नाही. अनुवादाचे स्वतंत्र खातेही त्यासाठी उभे राहिले. पण राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. १९३८ च्या अखेरीस वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. औरंगाबादच्या महाविद्यालयातही हीच ठिणगी पडली होती. शेकडो विद्यार्थ्यांवर निष्कासनाची पाळी आली. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. ज्या भूमीतील लेण्यांचे स्तंभ अडिकमेटवर उभे राहत होते, त्याच भूमीची मुले तेथून बाहेर पडली. वास्तूचे उद्घाटन त्यानंतर वर्षभरातच झाले.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. वास्तू मात्र तशीच उभी राहिली आणि तेलंगणाच्या राजधानीची ती एक ओळख ठरली आहे. परंपरेचा मान राखून नवे बांधणे ही कला अडिकमेटच्या शिल्पकारांस निश्चितच साधली होती. मात्र विद्यामंदिराची खरी थोरवी त्याच्या कमानीखालून कोणकोण सन्मानाने आत येऊ शकते यावर ठरते, हा धडा इतिहासाने त्या दगडांशेजारीच लिहून ठेवला आहे. ज्ञानसंस्था उभारणाऱ्या प्रत्येकाने, ग्रंथालयांनीही, तो वाचावा.