इंजिन उतरवलेली गाडी : वाशिम परिसरातील वाहनशब्दांविषयी एक टिपण

जुन्या मोटारीची नव्याने बांधणी करावयाची म्हणजे प्रथम तिचे इंजिन बाहेर काढावे लागते. पुढे कित्येक महिने गाडी त्याच अवस्थेत उभी राहते. परंतु तिला एका जागी राहू देणे कोणत्याच गॅरेजला परवडत नाही. सांध्याच्या कामासाठी ती उजेडात आणावी लागते, रंगासाठी आडोशाला न्यावी लागते, पाऊस आला की छपराखाली लोटावी लागते. यंत्रशास्त्राला ही बाब क्षुल्लक वाटेल. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ती विचारार्ह आहे. कारण इंजिन गेल्यावर जे उरते ते हाताळण्यासाठी कामगार ज्या जाणतेपणाचा आश्रय घेतो, ते मोटारीच्या फार पूर्वीचे आहे. त्यातील कृती टिकून आहेत. शब्द मात्र निम्मेच उरले आहेत.

मराठीने आपली वाहने कशी ओळखली ते पाहावे. बैलगाडी, घोडागाडी, हातगाडी, आगगाडी, मोटारगाडी. या समासांत उत्तरपद स्थिर आहे आणि पूर्वपद ओढणाऱ्या शक्तीचे नाव सांगते. (मालगाडी हा शब्द या नियमात बसत नाही, तेथे पूर्वपद ओझ्याचे आहे.) ‘गाडी’चे मूळ प्राकृत ‘गड्डी’पर्यंत मागे नेता येते. म्हणजे गाडी निराळी व तिचा ओढणारा निराळा, हे पृथक्करण समासातच केलेले आहे. मोटारगाडीतून मोटार काढली की व्याकरणाप्रमाणेही गाडीच उरते, आणि चार माणसांनी हात लावला की ती हातगाडी होते.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. पण हा प्रदेश, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाहतुकीच्या इतिहासात नवा नाही. येथील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची भाषा काही अंशी संस्कृत व काही अंशी प्राकृत आहे. वाकाटकांच्या दानपत्रांत दिलेल्या गावाला ज्या सवलती मिळत, त्यांत गाईबैलांविषयीची एक सवलत आढळते. गावाने पाळीपाळीने जनावरे पुरविण्याच्या बंधनातून ही सूट होती, असा तिचा एक अर्थ लावला जातो. तो ग्राह्य धरला तर ओढणारे बळ राज्यसत्तेच्या हिशोबात स्वतंत्रपणे येत होते असे म्हणावे लागते.

वऱ्हाडात बैलगाडीला ‘बंडी’ म्हणतात. तेलुगू व कन्नड ‘बंडि’ आणि तमिळ ‘वण्डि’ यांच्याशी तिचे नाते उघड आहे. तिचे अवयव मात्र बहुतांशी आर्यभाषिक नावांचे : जू ‘युग’पासून, आस ‘अक्ष’पासून, धुरा ‘धुर्’पासून, चाक ‘चक्र’पासून. तुंबा, आरे, चाकाची लोखंडी धाव आणि वंगण हे शब्द ज्याला ठाऊक होते त्याला मोटारीचे चाक परके वाटण्याचे कारण नव्हते. तरीही ‘वंगण’ वगळता यांतील फारच थोडे गॅरेजात शिरले.

कारंजावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ही ७६२ मिलिमीटर मापाची रेल्वे, लोकांची ‘शकुंतला’, हा मधला टप्पा. १५ एप्रिल १९९४ रोजी तिचे वाफेचे इंजिन निवृत्त झाले. रेल्वेत इंजिन डब्यांपासून सुटते, म्हणून भाषेलाही तेथे अडचण नव्हती : बैल जोडतात व सोडतात, तसे इंजिन जोडले व सोडले. मोटारीचे इंजिन मात्र ‘उतरवतात’. हे क्रियापद ओझ्याचे आहे, आणि ते अचूक आहे. इंजिन निघताच पुढच्या स्प्रिंगांवरील भार जातो, गाडीचे तोंड वर उचलले जाते व वजन मागच्या चाकांवर सरकते. भार मागे पडून बंडीचे जू वर गेले की ‘गाडी उलाळली’ म्हणतात; त्याचीच ही सौम्य आवृत्ती.

लोटण्याच्या कृतीत तर साम्य याहून स्पष्ट दिसते. काळ्या मातीत रुतलेली बंडी काढताना माणसे साटीला रेटा देत बसत नाहीत. चाकाच्या आऱ्यांना हात घालतात. गॅरेजातला जाणता कामगारही पत्र्याला न रेटता टायरचा माथा धरून चाक फिरवतो. चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो. म्हणून माथ्याशी लावलेले बळ आसाशी लावलेल्या बळाच्या दुप्पट परिणाम करते. दोघांनाही हे कोणी सूत्ररूपाने शिकवले नाही.

आसाचे महत्त्वही तसेच. अँबॅसडरसारख्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सही काढला असेल, तर मागे जाणारा दांडा काढून ठेवावा लागतो. नाहीतर तो खाली येऊन जमिनीत रुततो. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढची चाके चालकशक्तीची आहेत. तशा गाडीत आसाचा बाहेरचा तुकडा तुंब्यात घट्ट आवळल्याशिवाय ती लोटल्यास बेअरिंग खराब होते. पोकळ तुंब्यावर भार देऊ नये, हे कोणत्याही गाडीवानाला पटले असते. ब्रेकविषयी मात्र बैलगाडीने काही शिकवलेले नाही. अलीकडच्या गाड्यांत ब्रेकला इंजिनाच्या निर्वाताचे साहाय्य असते. इंजिन नसताना पेडल दगडासारखे होते आणि उतारावर चाकाखाली ठोकळा घेऊन धावणाऱ्याचे बोट चिरडते.

हाच प्रवास उलट दिशेनेही झालेला आहे. १९३०च्या दशकातील मंदीत कॅनडातील शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेना. त्यांनी मोटारींची इंजिने काढून पुढे घोडे जुंपले आणि त्या वाहनाला पंतप्रधान बेनेट यांचे नाव उपहासाने दिले. आपल्याकडे मोटार बैलाला दिली गेली नाही, तिचा आस व टायर तेवढे बंडीखाली आले. कॅनडात नाव राजकारणाने दिले, येथे टायरने. भारतात अन्यत्र अशा गाडीला ‘डनलप’ म्हणतात.

दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला. शेती व गाडीचे शब्द टिपण्यास ती वेळ योग्य होती, गॅरेजचे शब्द टिपण्यास फार लवकरची. १९६० नंतर भाषा संचालनालयाने परिभाषा घडवली ती मुख्यतः कार्यालयासाठी व वर्गासाठी. गॅरेजने वाट पाहिली नाही. गाडी टेकवावयाच्या तिवईला त्याने ‘घोडी’ म्हटले. दुसऱ्या वाहनाने ओढून नेण्याला ‘टोचन’ म्हटले. इंग्रजी ‘टो-चेन’ मराठी ‘टोचणे’च्या इतकी जवळ येऊन बसली आहे की पुढील पिढीचा कोशकार तिला देशी मानील. असे शब्द आज नोंदले नाहीत तर ती चूक अटळ आहे. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी पारिभाषिक शब्द घडवण्याआधी असे शब्द ऐकण्याचे काम अंगावर घ्यावयास हवे होते.

एका जागी मात्र गॅरेजही मुके आहे. १९८९ च्या रस्तेनियमांनुसार ओढल्या जाणाऱ्या मोटारीच्या चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असणे बंधनकारक होते, अथवा तिची वळणारी चाके रस्त्यापासून वर उचललेली असावी लागत. कायद्याच्या लेखी ती व्यक्ती चालकच. बंडीवर बसणाऱ्याला वऱ्हाडीत ‘धुरकरी’ म्हणत, कारण धुरा त्याच्या ताब्यात असे. इंजिन नसलेल्या गाडीत बसणाऱ्यासाठी मात्र नाम नाही. त्याला एवढेच सांगतात : “तू स्टिअरिंगवर बस.”