कड्याचं बोर्डिंग आणि आपलं ज्ञानदान



पर्युषण संपलं की आमच्या महिला मंडळात जमलेल्या पैशांचं काय करायचं ही चर्चा होतेच. यंदा दोन मतं पडली. काहींना स्थानकासाठी नवी भांडी हवी होती, तर काहींना एका मुलीची वसतिगृहाची फी भरायची होती. घरी आले, सामायिक केली, पण मन त्या प्रश्नातच अडकलेलं.

आपल्याकडे दान चार प्रकारचं सांगितलंय: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. यातल्या ज्ञानदानाचा इतिहास आपल्या बीड जिल्ह्यातच आहे.

1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि खेड्यातल्या मुलाला शिकायचं तर घर सोडावं लागे. मग राहायचं कुठे, जेवायचं काय? समाजाच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या बोर्डिंगांनी या अडचणीवर उत्तर शोधलं. मुंबईत सेठ माणिकचंद हिराचंद यांनी 1900 साली हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केलं. आष्टी तालुक्यातल्या कड्याची संस्था बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद करणाऱ्या अमोलकऋषीजी महाराजांच्या नावाने आहे. शास्त्र लोकांच्या भाषेत आणणाऱ्या संताच्या नावाने शाळा असावी, हे किती शोभून दिसतं!

याच कड्याच्या बोर्डिंगात बीड जिल्ह्यातले शांतिलालजी मुथ्था लहानाचे मोठे झाले. पुढे 1985 मध्ये त्यांनी भारतीय जैन संघटना स्थापन केली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला, तेव्हा तिथली सुमारे 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली गेली. पुढे वाघोलीला त्यांची राहण्या-शिकण्याची सोय झाली. ही मुलं कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे कुणी विचारलं नाही. बोर्डिंगात वाढलेल्या मुलाला दुसऱ्याच्या लेकराची भूक आणि वही दोन्ही दिसली.

पण एक गोष्ट मनाला टोचते. जुनी बोर्डिंगं बहुतेक मुलांसाठीच होती. मुलींसाठी झटल्या त्या माणिकचंद शेठजींच्याच कन्या मगनबाई. लहान वयात वैधव्य आलेल्या या बाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई! साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांना उपाशी राहावं लागू नये म्हणून त्यांनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. कर्मवीरांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, लक्ष्मीबाईंचं किती जणींना?

आपल्या घरातही असंच चालतं. पावतीवर नाव घरच्या पुरुषांचं असतं, आणि भिशीतून, घरखर्चातून चार पैसे बाजूला काढते ती बाई.

पुढच्या बैठकीत मी एवढंच सांगितलं. म्हटलं, भांडी घासून झिजतात, शिकलेली मुलगी मात्र पुढच्या दोघींना शिकवते. थोडी कुरकुर झाली. मग मंडळातल्या सगळ्यात वयस्कर काकूच म्हणाल्या, "आम्हाला चौथीनंतर कुणी पाठवलं नाही. फी भरा."

यंदा फी भरली. भांडी पुढच्या वर्षी बघू.

तुमच्या मंडळात काय ठरलं, तेही जरूर कळवा.

जाणते-अजाणतेपणी काही चुकीचं लिहिलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.