तळटीप १७ : साहाय्यक इंजिन

१७. साहाय्यक इंजिन : धक्क्याला लागताना, नांगर उचलताना किंवा वारा पडल्यावर शिडाची नौका हलवणारे छोटे यंत्र. लहान नौकांवर ते पिछाडीला बाहेरून टांगलेले, सहसा ४ ते १० अश्वशक्तीचे; गोव्यात दिवाडीला बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’सारख्या नौकेत ते आत बसवलेले असते. टांगलेले इंजिनच फिरवून दिशा बदलता येते. आतल्या इंजिनाच्या पंख्याचे पाणी सुकाणूवर आपटते, म्हणून जागच्या जागी उभी नौकाही क्षणभर जोर दिला की वळू लागते. मागे घेताना हा आधार नसतो, शिवाय उजव्या फिरकीचा पंखा पिछाडी डावीकडे ओढतो. मुरलेला सुकाणी ही खोडच वापरून नौका डाव्या कुशीने धक्क्याला लावतो. अभिलाष टॉमी यांच्या २०१२–१३ च्या विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणेसारख्या सफरीत इंजिनाच्या जोरावर अंतर कापलेले चालत नाही. बॅटऱ्या चार्ज करण्याची गोष्ट निराळी. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांनुसार नौका इंजिनावर चालू लागताच, शिडे उभारलेली असली तरी, यांत्रिक ठरते. शिडाच्या नौकेला इतरांनी वाट द्यायची सवलत तिला उरत नाही, आणि दिवसा पुढच्या बाजूला टोक खाली केलेला शंकू टांगावा लागतो.