गुलमोहर : एका परदेशी बीजाचा प्रवास

वैशाखाच्या वणव्यांत नागपूरचे रस्ते भर दुपारीं ओस पडतात, जमिनीला भेगा पडतात आणि पुष्कळ झाडें पानें गाळून उभीं राहतात. नेमक्या याच वेळीं गुलमोहर फुलतो. सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्यांचें आवार असो, वा शहराच्या पश्चिमेस अमरावती रस्त्यावर मालमोटारींची अहोरात्र वर्दळ असलेली वाडी असो, हा वृक्ष सर्वत्र इतका परिचयाचा झाला आहे, कीं तो पिढ्यान्‌पिढ्या येथील मातींतलाच असावा, असें कोणासही वाटेल. त्याच्या नांवानें हा भ्रम अधिकच वाढतो. 'गुल' आणि 'मोहर' हे शब्द कानीं पडले म्हणजे मोंगल बादशहांच्या बागा डोळ्यांपुढें उभ्या राहतात.

परंतु इतिहासाची साक्ष निराळी आहे. कालिदासानें हा वृक्ष पाहिला नव्हता. शिवछत्रपतींच्या काळीं सह्याद्रींत तो नव्हता. नागपूरचें राज्य स्थापणाऱ्या रघूजी भोसल्यांसही तो ठाऊक नव्हता. इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचें सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली, तेव्हां युरोपांतील वनस्पतिशास्त्रज्ञांनींही या झाडास नांव दिलेलें नव्हतें. पेशवाईंतील प्रसंगाच्या चित्रांत कोणी फुललेला गुलमोहर रंगविला, तर तो सरळसरळ कालविपर्यास समजावा.

गुलमोहराचें माहेर आफ्रिकेच्या पूर्वेस असलेलें मादागास्कर बेट. या बेटाच्या पश्चिमेकडील व उत्तरेकडील कोरड्या, पानझडीच्या रानांत तो आपोआप वाढतो. बोहेमियांत जन्मलेला व मॉरिशस बेटावर स्थायिक झालेला वेन्सेल बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञास तो मादागास्करांत आढळला, आणि त्याच्या वर्णनावरून विल्यम हूकर यानें इ. स. १८२९ मध्यें लंडनच्या एका प्रसिद्ध वनस्पतिविषयक मासिकांत त्याचें चित्र व वृत्तांत छापला. त्या वेळीं त्यास 'पॉइन्सियाना रेजिया' म्हणजे राजेशाही पॉइन्सियाना असें नांव मिळालें. आपल्या परसांतला शंकासुर हा त्या काळीं याच कुळांत गणला जाई. दोघांचीं फुलें ताडून पाहिल्यास तें नातें अजूनही ध्यानांत येतें. पुढें राफिनेस्क या पंडितानें गुलमोहरास 'डेलोनिक्स' हें नवें कुलनाम दिलें. 'ठळक नखांचा' असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. पाकळ्यांच्या लांब, नखासारख्या देठांवरून तो योजिला आहे.

मादागास्करहून मॉरिशस आणि तेथून भारत, असा या वृक्षाचा प्रवास झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो आपल्याकडे रुजूं लागला. हा प्रवास सुकर झाला तो त्याच्या बीजामुळें. शिडाच्या गलबतावर जिवंत रोप जगविणें त्या काळीं महाकठीण होतें. खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनीं रोपें वाटेंतच मरत. गुलमोहराचें बीं मात्र दगडासारखें टणक. दीड हात लांब, तलवारीसारख्या काष्ठमय शेंगेंत तें वर्षानुवर्षें सुरक्षित राहतें. मूठभर बिया खिशांत घालून माणसानें समुद्र ओलांडावा आणि दुसऱ्या खंडांत उपवन उभें करावें, इतकी ही सोपी गोष्ट होती.

पण परक्या भूमींत बीं रुजणें निराळें आणि वृक्षानें सुखानें नांदणें निराळें. गुलमोहर विदर्भांत इतका रमला याचें कारण त्याच्या माहेरच्या ऋतुचक्रांत आहे. मादागास्करच्या पश्चिम भागांत मे ते ऑक्टोबर कोरडे जातात आणि पाऊस नोव्हेंबरांत सुरू होतो. तेथें हा वृक्ष पावसाच्या तोंडावर फुलतो. मॉरिशसमध्यें तर नाताळाच्या सुमारास त्याचा बहर असतो. नागपुरांत हेंच चक्र सहा महिन्यांनीं फिरलेलें आहे. आश्विन सरल्यावर कोरडे महिने, मग कडक उन्हाळा आणि मृगाचा पाऊस. पंचांग बदललें, पण क्रम बदलला नाहीं. पानें गाळावीं, उन्हांत तापावें आणि पावसाच्या आधीं फुलावें, हा कुळाचार गुलमोहरानें येथेंही पाळला. जेथें बारमाही पाऊस पडतो तेथें तो पानें गाळीत नाहीं.

टणक कवचामुळें बीं पाण्यांत नुसतें टाकून लवकर फुगत नाहीं. रानांत हें कवच ऊन-पावसानें हळूहळू झिजतें. म्हणून सर्व बिया एकाच वर्षीं उगवत नाहींत, आणि एखादें वर्ष अवर्षणाचें गेलें तरी वंश टिकतो. बागवान मात्र बियांची एक बाजू कानशीनें किंचित् घासतात, अथवा त्या कढत पाण्यांत टाकून रात्रभर भिजूं देतात. मग थोड्याच दिवसांत अंकुर दिसतो. रोप झपाट्यानें वाढतें, तरी पहिलें फूल पाहण्यास बहुधा पांच वर्षें किंवा त्याहूनही अधिक काळ धीर धरावा लागतो.

परदेशी पाहुण्यांचा अनुभव नेहमींच असा गोड नसतो. अमेरिकेंतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या बागेंत शोभेसाठीं आणलेली घाणेरी पक्ष्यांनीं फळें खाऊन दूरवर पसरविली, आणि आज विदर्भाच्या रानांत गवताची व लहान रोपांची जागा तिनें बळकाविली आहे. गुलमोहराचीं जड बीजें पक्षी नेत नाहींत. आपल्याकडे तो बहुतांशीं माणसानें लावावा तेथेंच वाढला. तरी त्याच्याही उणिवा आहेत. मुळें वरच्या थरांत पसरतात, फांद्या ठिसूळ असतात, आणि वळिवाच्या वादळांत तो घरांवर व तारांवर कोसळतो. म्हणून भिंतीपासून दूर, मोकळ्या जागीं त्यास स्थान द्यावें; आणि सारा रस्ता त्यास देऊन कडुनिंब, पळस व बहावा यांना हद्दपार करूं नये.

या कथेंत एक विषादाची छटाही आहे. ज्या मादागास्करनें जगास हें लेणें दिलें, तेथील कोरडीं रानें आगी, कोळशाच्या भट्ट्या आणि शेतीसाठीं होणारी तोड यांनीं आक्रसत आहेत. माहेर उजाड होत असतां सासरीं मुलगी सुखांत आहे, एवढ्यावर समाधान मानणें उचित नव्हे. बागेंतला वृक्ष म्हणजे रान नव्हे. मूळ रानांत त्याच्या बियांमध्यें जी विविधता आणि सोशिकपणा साठलेला असतो, तो रस्त्याकडेच्या रांगेंत आढळत नाहीं. परक्या बीजाचें कौतुक करतांना त्याच्या जन्मभूमीची, आणि त्याचबरोबर आपल्या भूमीवरील रानाची, काळजी वाहणें हें सुजाण नागरिकाचें कर्तव्य होय.