चुलीपुढची जयणा



आजी शेणी चुलीत घालण्याआधी झटकून बघायची, मुंगी-किडा जळू नये म्हणून. अग्निकायातही जीव मानणारे आपण. चुलीवर भाकरी, वैलावर आमटी: एका जाळात दोन कामं. जळणही वाचे, हिंसाही कमी. पण धुरानं चुरचुरणाऱ्या तिच्या डोळ्यांकडे आम्ही कुणी पाहिलं नाही.

सरकारनं १९८३ च्या सुमारास सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ पर्यंत देशभर कोट्यवधी चुली बसल्या. आमच्याकडेही धुराड्याची चूल आली. धुराडं काजळीनं तुंबलं. साफ कसं करायचं, कुणी शिकवलं नव्हतं. आजी पुन्हा जुन्या चुलीपुढे बसली. कितीतरी घरांत असंच झालं.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गरीब घरांत गॅसची जोडणी पोचली. पण पुढची टाकी विकतच घ्यावी लागते. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींची टाकी रिकामी उभी आहे, स्वयंपाक चुलीवरच.

आता मी डाळ भिजवून कुकरमध्ये शिजवते, शिट्टी झाली की आच बारीक करते. वाचलेले पैसे मावशींच्या टाकीसाठी बाजूला ठेवते. मुंगीसाठी शेणी झटकणाऱ्या घराला एवढं तरी जमायलाच हवं.