अर्ध्या भिंगाची कुळकथा

स्टिरिओ स्लाइडच्या जुन्या व्ह्यूअरमधली मूळ भिंगं काढून त्याजागी चांगली बसवणारी हौशी मंडळी जगभर विखुरलेली आहेत, मीही त्यांतलाच. या खटाटोपाचं मूळ शोधताना एक धागा हाती लागला आणि त्यानं मला पार झपाटून टाकलं: आजच्या व्हीआर हेडसेटची वंशावळ शोधत मागे गेलं, की आपण स्लाइड व्ह्यूअरच्या भिंगापाशी येऊन पोचतो.

सुरुवातीचे टप्पे सर्वश्रुत आहेत. 1838 मध्ये चार्ल्स व्हीटस्टननं आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला, 1849 मध्ये डेव्हिड ब्रूस्टरनं भिंगांचा. श्रेयावरून दोघांचं पुढे जाहीर भांडण झालं. मला त्याहून मोलाची वाटते ती ब्रूस्टरची एक करामत. त्यानं एकच भिंग मधोमध कापलं आणि एक अर्धं डाव्या, दुसरं उजव्या डोळ्यापुढे बसवलं, पातळ कडा नाकाकडे करून.

का कापलं? रूढ उत्तर असं, की अर्धं भिंग प्रिझमसारखं किरण वळवतं, म्हणून डोळ्यांमधल्या अंतराहून लांब लावलेली दोन चित्रंही एकत्र येतात. हे खरं, पण अपुरं. ब्रूस्टरला दोन्ही डोळ्यांपुढचं वर्धन तंतोतंत सारखं हवं होतं, आणि एकाच काचेच्या दोन तुकड्यांहून खात्रीची जोडी त्या काळी कुठून मिळणार? माझ्या मते हेच कारण थोरलं, प्रिझम धाकटं. पुढचा इतिहास माझ्या बाजूनं आहे. 1947 साली मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीनं सीटन रॉकव्हाइटचा ‘स्टिरिओ रिअलिस्ट’ कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या स्लाइडमधल्या दोन चौकटींचे मध्य सुमारे 62 मिलिमीटरवर, म्हणजे डोळ्यांइतकेच लांब. प्रिझमची गरज सरली, अखंड भिंगं आली. जोडी जुळण्याची सक्ती मात्र सुटली नाही.

भिंग बदलायला बसलं की ही सक्ती पुरेपूर कळते. साध्या व्ह्यूअरमधलं एकेरी भिंग कडेला निळी-तांबडी किनार दाखवतं. क्राउन आणि फ्लिंट काचा चिकटवून केलेलं अ‍ॅक्रोमॅट घातलं की ती जवळपास नाहीशी होते. पण दोन अ‍ॅक्रोमॅटच्या फोकल लेंग्थमध्ये फरक असला, की एका डोळ्याला चित्र मोठं, दुसऱ्याला लहान, आणि थोड्याच वेळात डोकं धरतं. म्हणून आधी दोन्ही भिंगं शेजारीशेजारी धरून खिडकीबाहेरच्या लांबच्या इमारतीची प्रतिमा पांढऱ्या भिंतीवर पाडावी. दोन्ही एकाच अंतरावर रेखीव आणि एकाच मापाच्या उमटल्या, तरच ती जोडी व्ह्यूअरमध्ये घालावी.

दुसरी जुळणी कॅमेऱ्याशी. रिअलिस्ट कॅमेऱ्याचं भिंग 35 मिलिमीटरचं, व्ह्यूअरचं 44 च्या आसपास. त्यामुळे दृश्याची खोली सुमारे सव्वापट ताणलेली दिसते. फोटो ज्या भिंगानं काढला त्याच भिंगातून तो पाहिला तर भिंगाचे दोष आपोआप फिटतात, हे तत्त्व छायाचित्रांवरून मोजमाप करणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होतं. इग्नाझिओ पोरो आणि कार्ल कोप्पे यांच्या नावानंच ते ओळखलं जातं.

अमेरिकेत एरिक हाउलेटनं हीच कल्पना टोकाला नेली. त्याच्या ‘लीप’ पद्धतीत, जिचं पेटंट 1983 चं, कॅमेऱ्याचं भिंग सरळ रेषा मुद्दाम बाहेर फुगवतं आणि व्ह्यूअरचं भिंग त्या तितक्याच आत ओढतं. स्लाइड नुसती हातात धरली तर वेडीवाकडी. व्ह्यूअरला डोळे लावले की रेषा सरळ आणि दृश्य कानांपर्यंत पसरलेलं. व्ह्यूअरची हीच भिंगं 1980 च्या दशकात नासाच्या एम्स केंद्रातल्या हेडसेटमध्ये बसली, मग जॅरन लानिएरच्या व्हीपीएल कंपनीच्या ‘आयफोन’मध्ये. हा ‘आयफोन’ डोळ्यांवर चढवायचा होता, अ‍ॅपलच्या फोनशी त्याचं नातं नाही.

पुष्कळजण व्हीआर हेडसेटच्या मूळपुरुषाचा मान आयव्हन सदरलंडच्या 1968 च्या, डोक्यावर चढवायच्या यंत्राला देतात. डोकं वळवलं की चित्र बदलणं ही त्याचीच देणगी, ती मला मान्य. पण त्याच्या यंत्रात सुमारे 40 अंशांचीच खिडकी दिसे. दृश्याच्या आत उभं असल्याचा भास रुंद भिंगानं दिला, आणि ते भिंग स्लाइड पाहण्यासाठी घडलं होतं. पुढे 2012 च्या ऑक्युलस रिफ्टनं स्वस्त, साधी भिंगं घेतली आणि रेषा आधीच उलट वाकवून ठेवण्याचं हाउलेटच्या कॅमेऱ्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं.